खालच्या घराची बेल

आमच्या हॉलच्या फॉल्स सिलिंगला आठ दिवे होते. त्यातल्या पाचव्या दिव्यातून पाणी टपकायला लागलं, तेव्हा त्या घरात राहायला येऊन आम्हाला जेमतेम साडेतीन महिने झाले होते.

डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. 1991 सालची तळ अधिक चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही, सगळ्यात वरचा मजला, 540 फुटांचा वन बीएचके. जुन्या इमारतीत ब्लॉक शोधत फिरलेल्यांना माहीत आहे तिथे काय काय बघावं लागतं. पोपडे आलेल्या भिंती, मोरीत शेवाळ, किचनमध्ये तेलाने चिकट झालेला ट्यूबलाइट, आणि "रंग मारला की झालं हो" म्हणणारा मालक. असे अकरा ब्लॉक बघून झाल्यावर एजंटने बारावा उघडला आणि मी दारातूनच नवऱ्याला कोपर मारलं. पांढऱ्याशुभ्र मोठ्या लाद्या, चकचकीत ओटा, मॉड्युलर किचन, बाथरूमला काळ्या टाइल्स. नवऱ्याने शॉवर सोडून पाण्याचा जोर बघितला. मी किचनचे ड्रॉवर उघडून बघितले, ते आपोआप हळूच बंद होत होते. आमची तपासणी ती एवढीच. महिना जानेवारी. जानेवारीत कुठलं घर गळतं?

व्यवहार कसा झाला ते जरा सविस्तर सांगते, कारण आमची मान तिथेच अडकली. घर ज्यांच्या नावावर होतं ते ऐंशी ओलांडलेले आजोबा. बायको गेल्यावर ते मुलीकडे बदलापूरला राहायला गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. घराचं काम करून घेतलं होतं एजंटच्या 'पार्टनर'ने. हा माणूस जुने ब्लॉक हेरतो, मालकाला टोकन देऊन किल्ली घेतो, दीड-दोन महिन्यांत घर आतून चकाचक करतो आणि गिऱ्हाईक आणून मालकाकडूनच थेट त्याच्या नावावर करून देतो. त्याचं स्वतःचं नाव नोंदणीच्या कुठल्याही कागदावर येत नाही. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा काढला तरी त्यात दिसतात ते आजोबाच.

किंमत ठरली 57 लाख. पैकी 48 लाखांचं अॅग्रीमेंट आजोबांशी आणि 9 लाख 'इंटिरियर व फर्निचर' म्हणून पार्टनरला वेगळे. एजंट म्हणाला, "ताई, 50 च्या आत ठेवू, किमतीतून कर कापून भरायची ती टीडीएसची कटकट नको. शिवाय 9 लाखांवरची स्टॅम्प ड्युटी वाचतेय." घर माझ्या नावावर होतं म्हणून ड्युटी 7 ऐवजी 6 टक्के, म्हणजे वाचले 54 हजार. सरकारला चुना लावायला निघालो होतो, त्यामुळे पुढे कुणाकडे तक्रार घेऊन जाताना आवाज थोडा खालीच राहिला, हे कबूल करते. पण 54 हजारांपायी खरं काय गमावलं ते तेव्हा कळलंच नाही. घर विकणारा वेगळा आणि घर सजवणारा वेगळा, हे आम्ही सही करून मान्य करून बसलो. बँक कर्ज देते तेही अॅग्रीमेंटच्या रकमेवर, आम्हाला मिळालं 48 च्या 80 टक्के. वरचे 9 लाख घरातून उभे केले. एफडी मोडली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यातल्या त्यात एक बरं झालं. ते पैसे आम्ही रोख न देता बँकेतून दिले आणि पार्टनरकडून साध्या कागदावर का होईना, बिल घेतलं. त्यावर त्याच्याच अक्षरात 'बाथरूम वॉटरप्रूफिंगसह' असं लिहिलेलं आहे.

माझी मोठी बहीण तेव्हा म्हणाली होती, कुणातरी इंजिनिअरला दाखव. मी म्हटलं, बँकेचा माणूस येऊन बघून गेलाय की! तो आला, टेपने मोजलं, चार फोटो काढले, वीस मिनिटांत गेला. त्याला बघायचं होतं ते एवढंच, की हप्ते थकले तर या घरातून बँकेचे पैसे सुटतील का. बँकेच्या वकिलाने जुने कागद तपासले, तेही मालकी साफ आहे का एवढ्यापुरते. स्लॅबमधल्या सळया बघणं या दोघांपैकी कुणाचंच काम नव्हतं.

फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. येणारा प्रत्येक जण छताकडे बघून "वा!" म्हणायचा.

20 मे 2025 ला कल्याण पूर्वेला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळला आणि 6 जणांचा जीव गेला. आपल्याच महापालिकेच्या हद्दीतली बातमी, त्यामुळे आम्ही टीव्हीसमोर बसून हळहळलो. "लोक काम करताना विचारतच नाहीत कुणाला," असं मीच म्हणाले, त्याच आठ दिव्यांखाली बसून. आपल्याही घरात सात महिन्यांपूर्वी जुन्या लादीवर कुणीतरी काहीतरी केलंय, हे डोक्यात आलं नाही. त्या वर्षी पाऊस मे संपायच्या आतच मुंबईत दाखल झाला. पुढच्या आठवड्यात पाचवा दिवा ठिबकला आणि त्याच संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका वर आले.

काका दारातच उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या बाथरूमचं पाणी परत चालू झालंय."

मी पाण्यापेक्षा त्या 'परत'पाशीच अडखळले. काकांनी मला खाली नेलं. त्यांच्या बाथरूमच्या छताचा गिलावा एका कोपऱ्यात गळून पडला होता, उघड्या सळया गंजून तपकिरी झाल्या होत्या, खाली प्लास्टिकचं टमरेल लावलेलं. तीन वर्षांपासून असंच आहे, म्हणाले. सोसायटीला दिलेल्या चार अर्जांच्या पोच त्यांनी फाईलमध्ये लावून ठेवल्या होत्या. मी विचारलं, "काका, आम्ही घर बघायला आलो तेव्हा का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे? आणि इतकं काम चाललेलं बघून मला वाटलं, केलं असेल दुरुस्त."

बरोबरच होतं त्यांचं. आम्ही चारदा त्यांच्या दारावरून जिना चढलो होतो. मजला उतरून एकदा त्यांची बेल वाजवली असती, एक चहा प्यायला असता, तर 57 लाखांचा हा सगळा प्रकार दहा मिनिटांत आटपला असता. आपल्या मोरीचा दोष आपल्याला दिसत नाही, तो खालच्याच्या छताला दिसतो. इतकी साधी गोष्ट, पण घर बघायला जाताना आपण नळ सोडतो, खिडकी उघडतो, देवघर कुठे बसेल ते ठरवतो आणि निघून येतो.

प्लंबर बोलावला. त्याने काळी टाइल फोडली, तर खाली जुनी पांढरी टाइल जशीच्या तशी! जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवलेली. कोबा उकरलेला नाही, वॉटरप्रूफिंगचा पत्ता नाही. मोरीच्या जाळीखालच्या नानी ट्रॅपचा जुना सांधा फुटलेला होता, त्यावर व्हाइट सिमेंट थापून वर स्टीलची नवी जाळी बसवलेली. शॉवरमागचा पाइप भिंतीबाहेर जेवढा दिसतो तेवढाच नवा, आत हात घातला तर गंजलेला जुना लोखंडी, जीआयचा. प्लंबर हसून म्हणाला, "मॅडम, हे बाथरूम नाही, मेकअप आहे." खरी पद्धत अशी की लाद्या काढून, कोबा उकरून, वॉटरप्रूफिंगचे थर दिल्यावर मोरीची जाळी बंद करतात, पाणी भरून निदान दोन दिवस तसंच ठेवतात आणि खाली जाऊन छत बघतात. वर टाइल्स लावायच्या त्यानंतर. पार्टनरने काकांच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं, म्हणजे यातलं काही झालंच नव्हतं.

वरचं पाणी मात्र वेगळं होतं. ते गच्चीचं. ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. त्यांनी फॉल्स सिलिंगचा एक चौकोन कापायला लावला आणि टॉर्च मारला. जिप्समच्या पांढऱ्या पाट्यावर, आमच्या सोफ्याच्या बरोबर वर, काँक्रीटचे तळहाताएवढे तुकडे पडलेले होते. छताच्या सळया अक्षरशः पापुद्रे सुटल्यासारख्या. त्यांनी हातोडीने ठिकठिकाणी ठोकून दाखवलं. चांगल्या जागी खणखणीत आवाज, खराब जागी बद्द. मग एका फोडलेल्या जागी त्यांनी औषधाचा फवारा मारला. काँक्रीट धडधाकट असेल तर तिथे गुलाबी रंग येतो, आमच्याकडे वरचा बराच भाग बिनरंगीच राहिला. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि बाहेरचं काँक्रीट फोडून टाकतो, असं त्यांनी समजावलं. "हे सिलिंग शोभेचं नाही," ते म्हणाले, "हे झाकण आहे. जुन्या घराला, त्यातही वरच्या मजल्याला सरसकट फॉल्स सिलिंग दिसलं की मी आधी शिडी मागतो."

दिव्याचं भोक मोकळं करून आत मोबाइलचा टॉर्च मारला असता तरी दिसलं असतं. किंवा आणखी दहा पायऱ्या चढून गच्चीवर गेलो असतो तरी. आमच्या हॉलच्या बरोबर वर डांबराची तीन ठिगळं होती.

जूनमध्ये आम्ही बदलापूरला आजोबांकडे गेलो. तावातावानेच गेलो होतो, नवऱ्याने वाटेत बोलायची तयारीसुद्धा केली होती. आजोबांनी लाडू दिले, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी त्या माणसाला सगळं सांगितलं होतं. बाथरूम खाली गळतं, हॉलमध्ये मागच्या पावसात गिलावा पडला. म्हणून तर मी 48 ला दिलं. त्या इमारतीत चांगल्या घराला 54 मिळतात, मला ठाऊक नाही का?" मग थोडं थांबून, "त्याने तुम्हाला सांगितलं नाही?" ते खोटं बोलत नव्हते. आदल्या वर्षीच्या जुलैत त्यांच्याच पलंगावर गिलावा पडला, म्हणून मुलीने त्यांना उचलून आणलं होतं. ही गोष्टही आम्हाला आधी कळायला हवी होती. वीजबिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात आणि आमच्याकडे ते बिल होतं. जुलैपर्यंत बरे युनिट, ऑगस्टपासून जवळजवळ शून्य. भर पावसाळ्यात घर का रिकामं झालं, हा प्रश्न ते बिल हातात असून आम्हाला पडला नाही.

वकील म्हणाले, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, सहज न दिसणारा पण स्वतःला ठाऊक असलेला मोठा दोष खरेदीदाराला सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. कागदोपत्री विकणारे कोण? आजोबा. सही करताना आम्ही त्यांच्यासमोर बसलो होतो, पण बोलणारा पार्टनर होता. ऐंशी पार केलेल्या माणसाला कोर्टात ओढायला आमचं मन धजेना, पार्टनरने बहुधा तेच धरलं असावं. पोलिसांनी "दिवाणी बाब आहे" म्हणून वाटेला लावलं. रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात, बिल्डरला पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी असते, तशी अशा जुन्या घराच्या फेरविक्रीला नाही. शेवटी त्या 9 लाखांच्या बिलावर आणि 'बाथरूम वॉटरप्रूफिंगसह' या दोन शब्दांवर ग्राहक आयोगात पार्टनरविरुद्ध तक्रार केली आहे. तारखा चालू आहेत. त्याचं म्हणणं, "कपाटं नीट आहेत ना?"

कपाटं नीट आहेत. स्विचही सुंदर आहेत, फक्त त्यांच्यामागे तीस वर्षांपूर्वीच्या बारीक वायरी टेप मारून जोडलेल्या निघाल्या आणि अर्थिंगच्या भोकात काहीच नव्हतं. गीझरला हात लावून आम्ही तीन महिने आंघोळी केल्या, त्याचा विचार आता करत नाही.

बाथरूम परत करायला 1 लाख 85 हजार गेले, वायरिंगला 70 हजार. गच्ची आणि वरच्या मजल्याचं गच्चीमुळे खराब झालेलं छत ही उपविधींप्रमाणे सोसायटीची जबाबदारी, पण त्यासाठी सेक्रेटरींच्या मागे चार महिने लागावं लागलं. इमारत तीस वर्षांच्या वरची, म्हणजे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं होतं. शेवटचं कधी झालं, असं विचारल्यावर कपाटातून 2017 चा अहवाल निघाला. त्यात आमच्या हॉलच्या छताचा फोटो आहे. आता काम झालंय, अर्धे पैसे सोसायटीने दिले. हॉलला फॉल्स सिलिंग नाही. साधा पंखा, साधी ट्यूब, आणि वर उघडा स्लॅब. पाहुणे वर बघून काहीच म्हणत नाहीत.

गेल्या रविवारी पार्टनर आमच्याच इमारतीच्या बी विंगमध्ये दिसला. दुसऱ्या मजल्यावर दोन महिने ठोकाठोक चालू होती, ते घर तयार झालंय. एक तरुण जोडपं बघायला आलं होतं, मुलगी गरोदर. मी भाजी घेऊन येत होते. एजंटने मला बघून तोंड फिरवलं, म्हणून मुद्दाम थांबले. मुलीला विचारलं, "खालच्या घरी गेलात का?" ती म्हणाली, "खाली कुलूप आहे, मावशी. दोन वर्षं कुणी राहत नाही म्हणे."

किल्ली सेक्रेटरींकडे असते, हे मी तिला सांगितलं. ए विंग, पहिला मजला, डावीकडचं दार.