लॅमिंग्टन रोडवरचा मोर्स सराव संच: हात बसवायला उत्तम, तक्ता मात्र नको

मोर्स म्हणजे ठिपके आणि रेघा, अर्थात आखूड आणि लांब सुरांनी अक्षरं पाठवण्याची सांकेतिक लिपी. तिच्या सरावासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळणारा हा बिनब्रँडचा संच म्हणजे पितळी मोर्स-की (दाबून सूर पाठवायची कळ), ५५५ आयसीचा ऑसिलेटर (सूर काढणारं सर्किट), छोटा स्पीकर आणि ९ व्होल्टची बॅटरी. पैसे वसूल होतात ते की-मुळे. स्प्रिंग मऊ आहे, कॉन्टॅक्टमधलं अंतर स्क्रूने बसवता येतं. साध्या कागदाच्या दोन-तीन पदरांइतकं ठेवा. जास्त झालं तर मनगट भरून येतं, फारच कमी झालं तर एचचे चार डिट (ठिपक्याचे आखूड सूर) चिकटतात आणि ऐकणाऱ्याला तीन डिटचा एस वाटतो. बूड हलकं आहे, खाली रबराचा तुकडा हवाच. पावसाळ्यातल्या दमट हवेत कॉन्टॅक्ट काळवंडून सूर खरखरतो. मध्ये कोरा कागद धरून ओढला की साफ. पॉलिश पेपर अजिबात लावू नका.

सूर कर्कश येतो. प्रीसेट (सर्किटवरचा सूर बदलणारा छोटा स्क्रू) फिरवून ६०० ते ७०० हर्ट्‌झवर आणा.

सोबतचा ठिपके-रेघांचा तक्ता बाजूला ठेवा. तो पाठ करणारा ठिपके मोजत बसतो आणि वेग वाढला की अडकतो. कोख पद्धतीने, म्हणजे पूर्ण वेगातली दोनच अक्षरं ऐकून सुरुवात करायची आणि मग एकेक वाढवायचं, आधी फक्त के आणि एम घ्या. अक्षराचा वेग मिनिटाला २० शब्दांचा, म्हणजे डिट ६० मिलिसेकंद, डा (रेघेचा लांब सूर) १८०. जड गेलं तर अक्षरांमधली जागा वाढवा, अक्षर संथ करू नका. के म्हणजे ‘डा-डि-डा’ हा एकच ठेका. ९० टक्के अचूक उतरलं की तिसरं अक्षर. ऐकण्यासाठी मोबाइल ॲप वेगळं लागेल, या संचात ती सोय नाही.