‘सर्टिफाइड’ गाडी, ४३,१८० किलोमीटर आणि सीटखालची वाळू

गाडी ५,८५,०००. फाईल चार्ज १२,५००. वॉरंटी पॅक १४,९९९. विमा २१,३४०. एकूण ६,३३,८३९ रुपये मोजून मी ‘फर्स्ट ओनर, सर्टिफाइड, फक्त ४३,१८० किलोमीटर’ अशी २०१९ची पेट्रोल हॅचबॅक गोव्यात घेतली. निघाली काय, तर लाखाच्या वर पळालेली आणि रेंट-अ-कारवाल्याने चोथा करून सोडलेली गाडी. सौदा १८ ऑगस्ट २०२५चा, चतुर्थीच्या नऊ दिवस आधीचा. ‘चतुर्थी ऑफर’चा फलक दारातच होता, आणि तेवढ्यानेही सावध व्हायला हरकत नव्हती.

मीटर मागे घेतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ते मी सांगत बसत नाही. मलाही ठाऊक होतं. म्हणून तर रस्त्यावरच्या दलालाकडे न जाता काचेच्या शोरूममध्ये गेलो. पन्नासेक हजार जास्त गेले तरी चालतील, कागद स्वच्छ हवेत, असा हिशोब होता. हा हिशोब चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते एवढंच की ‘सर्टिफाइड’ या शब्दाला मी वजन दिलं. त्या शब्दामागे कुठलीही सरकारी तपासणी नसते. डीलरने स्वतःच छापलेला तक्ता, स्वतःच्याच माणसाकडून भरून घेतलेला, त्यावर स्वतःचाच शिक्का. माझा तक्ता १६० कलमी होता. घरी नीट पाहिला तेव्हा दिसलं, पहिल्या पानावरच्या सगळ्या बरोबरच्या खुणा एकाच दमात, एकाच तिरकेपणाने ओढलेल्या. ‘क्लच: उत्तम.’ त्या क्लचची कथा पुढे येतेच.

आता जिथे मी शहाणा असूनही आंधळा झालो, तो क्षण.

माझ्याकडे ८५० रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर आहे, गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाईलच्या ॲपवर दाखवणारा. तो मी नेला होता आणि लावलाही होता. फॉल्ट कोड एकही नाही, सेल्समन हसला. पण त्याच ॲपमध्ये दोन ओळी आणखी असतात: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, आणि इंजिनाच्या स्वतःच्या तपासण्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंचे मॉनिटर, पूर्ण झाल्या की नाहीत. माझ्या समोर आकडा होता ११ किलोमीटर. मॉनिटर सगळे अपूर्ण. याचा सरळ अर्थ, गाडी दाखवायला काढण्याआधी कोणीतरी कोड पुसलेत. मी विचारलं. उत्तर तयार होतं, गोव्याच्या रीतीने आदराचं ‘बाब’ लावून: ‘बाब, बॅटरी कालच बदलली, म्हणून तसं दिसतं.’

आता पंचाईत अशी की हे खोटं असलं तरी अशक्य नाही. बॅटरीचं टर्मिनल काढलं तरी पुष्कळ गाड्यांत हे आकडे शून्यावर येतात. मी मान डोलावली. बॉनेट उघडंच होतं. बॅटरी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. तिच्यावर २०२२ची तारीख ठोकलेली होती आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार इतका जुना चढलेला की काल सोडाच, वर्षभरात तिथे पाना लागलेला नव्हता. हे मी ऑक्टोबरात पाहिलं. ऑगस्टमध्ये नुसती मान खाली घातली असती तरी सव्वासहा लाख वाचले असते. ही वीतभर जागा मला अजून झोपू देत नाही.

तेव्हा स्कॅनर लावताना कोड पाहून खूश होऊ नका. मॉनिटर अपूर्ण असतील तर ‘पन्नास-शंभर किलोमीटर चालवा, मग पुन्हा येतो’ म्हणा आणि खरंच पुन्हा जा.

बाकीच्या खुणाही होत्याच. चारही टायर नवे, कडेवर शेवटचे चार आकडे १४२५, म्हणजे २०२५चा चौदावा आठवडा. ‘तुमचाच फायदा, बाब.’ त्रेचाळीस हजारांवर टायर बदलायला आले असतील असं मीच स्वतःला समजावलं. खरं म्हणजे हा गाडीचा दुसरा किंवा तिसरा संच होता. स्टीअरिंगवर नवं कव्हर, पेडलांचे रबर कोरे. कव्हर काढायला लावा. त्याखाली चामडं आरशासारखं गुळगुळीत झालेलं असेल तर चाळीस हजार विसरा. ब्रेकच्या डिस्कच्या कडेला नख लावून पाहा, चांगला उंबरठा लागला तर गाडी पुष्कळ पळाली आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा: खाली शिवलेल्या पट्टीवर बनावटीची तारीख असते, आणि गाडी पाण्यात बसलेली असेल तर बेल्टच्या शेवटच्या हातभर भागात गाळाची रेघही सापडते. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला छाप वाचा. एकच काच वेगळ्या सालाची असेल तर का, ते विचारा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर तो काढून टाकलाय असं समजा.

नंबरप्लेट. हे मात्र गोव्यातल्या माणसाने पहिल्यांदा पाहायचं आणि मी शेवटी पाहिलं. एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच लागून येते. माझी गाडी सप्टेंबर २०१९ची. सहा पावसाळे आणि किनाऱ्याची खारी हवा खाल्लेल्या प्लेटला ओरखडे हवेत, रिबिटांभोवती गंज हवा. माझ्या दोन्ही प्लेटा चकाचक. का? कारण मूळच्या प्लेटा काळ्या होत्या, पिवळ्या अक्षरांच्या. गाडी रेंट-अ-कारमध्ये होती. मग त्याच मालकाने मे २०२५मध्ये ती खासगीत बदलून घेतली आणि डीलरला दिली. मालक तोच, म्हणून आरसीवर मालकाचा क्रमांक एकच. ‘फर्स्ट ओनर’ हे अक्षरशः खरं. फक्त त्या एका मालकाच्या हाताखाली शेकडो जणांनी ती हाकली होती. दर तीन दिवसांनी नवा ड्रायव्हर, चढावर अर्धा क्लच दाबून उभा, रात्रभर किनाऱ्यावर पार्किंग, खड्डे कुणाच्या बापाचे.

ड्रायव्हरची सीट पुढे ढकलली की मागच्या रुळांत बारीक पांढरी वाळू अजूनही दिसते. व्हॅक्यूम रुळाच्या खोबणीत पोचत नाही, वंगणाला चिकटलेली वाळू तर मुळीच निघत नाही. माझ्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने चिमूटभर काढून तळहातावर दाखवली आणि म्हणाला, ‘ही बागा-कळंगुटची गाडी, दादा.’ त्याला तीस सेकंद लागले. त्याचे पाचशे रुपये वाचवायला मी एकटा गेलो होतो.

आणि पाऊस! ऑगस्टात गाडी घेऊ नका असं मी आता ओरडून सांगतो. ओल्या अंगावर रंगातला फरक दिसत नाही. एसी कसाही असला तरी थंड वाटतो. माझा कम्प्रेसर मरायला टेकला होता, तो कळला ऑक्टोबरच्या उन्हात. घ्यायचीच असेल तर एसी पूर्ण ठेवून, आतली हवा फिरती करून, दहा मिनिटांनी झरोक्यात थर्मामीटर धरा. सात-आठ अंशांच्या आसपास यायला हवा. पंधरावर अडकला तर सोडा. क्लचसाठी: सपाटीवर हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. घरघरत राहिलं तर क्लच घसरतोय. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह नेहमी सपाट रस्त्यावर, दोन किलोमीटर, सेल्समन शेजारी. पर्वरीच्या चढावर न्यायला मी सुचवलं होतं. ‘ट्रॅफिक असतो’ म्हणाला. मीही आग्रह धरला नाही. लाज वाटली. गाडी घेताना लाज बाळगू नये.

खर्चाचा हिशोब: क्लच किट मजुरीसह १३,८००, पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आणि लोअर आर्म १६,४५०, एसी कम्प्रेसर २२,७००. एकूण ५२,९५०. त्यातले १४,९९९च्या वॉरंटीने किती दिले? शून्य. क्लच ‘झिजणारा भाग’, शॉक ॲब्सॉर्बर ‘झिजणारा भाग’, आणि कम्प्रेसर यादीतच नाही, कारण पॅक इंजिन आणि गिअरबॉक्सपुरता होता. हे सहाव्या पानावर मुंगीच्या अक्षरांत आहे. वॉरंटीचा कागद पैसे दिल्यावर मिळतो, आधी मागितला तर ‘सिस्टीममधून निघतो’ म्हणतात. आधी काढून घ्या, नाहीतर तो पॅक घेऊच नका.

कम्प्रेसरसाठी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला गेलो तेव्हा सगळं उघडं पडलं. फेब्रुवारी २०२५ची सर्व्हिस नोंद: १,०८,६४२ किलोमीटर. सहा महिन्यांत गाडी पासष्ट हजारांनी तरुण झाली होती. ही नोंद मी आधीच का काढली नाही? कारण दुसऱ्याच्या गाडीची माहिती वर्कशॉप देत नाही, आरसी तुमच्या नावावर झाल्यावरच देतं. पण डीलर ती काढून देऊ शकतो. टोकन देण्याआधी पूर्ण सर्व्हिस हिस्टरी आणि जुनी विमा पॉलिसी, दोन्ही मागा. मी टोकनचे ११,००० आधी दिले आणि हिस्टरी ‘डिलिव्हरीला फाईलमध्ये येईल’ यावर गप्प बसलो. जुन्या पॉलिसीवर तर ढळढळीत व्यावसायिक वापर लिहिलेला होता. खासगी गाडीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पाहा: सहा वर्षांच्या एकाच मालकाच्या गाडीवर तो शून्य असेल तर गेल्या वर्षी काहीतरी घडलंय.

फाईल चार्जचे १२,५००ही पाहून घ्या. खासगी हलक्या मोटारीच्या हस्तांतरणाचं केंद्रीय नियमांतलं शुल्क ३०० रुपये आहे. बाकीचे कुठे गेले, याची पावती मी अजून मागतोय. बिलावर जीएसटी लावला तर तोही तपासा. जुन्या गाडीवर डीलरला तो स्वतःच्या नफ्यावर भरायचा असतो, पूर्ण किमतीवर नव्हे. आणि एमएच-केएची, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकातली, गाडी स्वस्त दिसली म्हणून भुलणार असाल तर फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत दाखला) आणि गोव्याचा रोड टॅक्स धरून बेरीज करा.

आता सरकार. आरटीओच्या काउंटरवर पहिलं उत्तर: ‘ट्रान्सफर झालं ना? मग तक्रार कसली?’ दुसरं: ‘किलोमीटरची नोंद आमच्याकडे नसते.’ ते खरं आहे, आरसीवर किलोमीटर नसतातच. पण एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला अधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९बी, आणि ते देतं कोण? हेच खातं. गाडी डीलरच्या ताब्यात आली की फॉर्म २९सीने कळवायचं कोणाला? ह्यांनाच. मग ‘आमचा संबंध नाही’ कसं? ह्या डीलरकडे अधिकारपत्र आहे का, एवढंच लेखी विचारलं. तीन खेपा झाल्या. साहेब मीटिंगमध्ये, साहेब रजेवर, अर्ज इनवर्डला द्या. इनवर्डचा शिक्का मिळाला, उत्तर नाही. तुम्ही शोरूममध्ये शिरताच ते २९बी भिंतीवर आहे का ते पाहा, माझ्यासारखं नंतर विचारू नका.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब, कन्झ्युमरात जा.’ मीटर फिरवून जादा पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८मध्ये फसवणूकच आहे, असं म्हटल्यावर हवालदार म्हणाला, ‘मीटर त्यांनीच फिरवला याचा पुरावा?’ आधीच्या मालकाने फिरवला असेल, नाही का. डीलरचाही नेमका हाच बचाव. म्हणजे १६० कलमं तपासणाऱ्याला मीटरचं एक कलम तपासता आलं नाही, आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नाही! तक्रार घेत नसतील तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तशी पाठवली. पोचपावती आली. बस, तेवढीच आली. ग्राहक हेल्पलाईन १९१५ने तक्रारीचा डॉकेट नंबर दिला. डीलरने उत्तर टाकलं की ‘ग्राहकाने टेस्ट ड्राइव्ह घेऊन समाधान व्यक्त केले’, डॉकेट बंद. ज्या ब्रँडची पाटी दारावर होती त्यांनी कळवलं की फ्रँचायझी स्वतंत्र आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये, वकील सक्तीचा नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट सौद्याच्या दिवशीच काढून ठेवा; माझ्याकडे होता, नाहीतर ४३,१८० हा आकडा त्यांनी कधी लिहिलाच नाही असं झालं असतं. डिलिव्हरी नोटवर मात्र ‘गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली’ या ओळीखाली माझी सही आहे. ती ओळ खोडून सही करा. गाडी नाही दिली तर नाही दिली. कायदा सांगतो, तांत्रिक तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल. पहिल्या तारखेला डीलरच्या वकिलाने मुदत मागितली, दुसऱ्या तारखेलाही मुदत मागितली.

गाडी विकायची म्हटली तर खरा आकडा सांगून सगळ्यात जास्त मागणी आली ३,९०,०००ची. खोटा सांगून विकायचा सल्ला दोघांनी दिला, त्यातला एक त्याच शोरूमचा सेल्समन.

डिलिव्हरीच्या दिवशी हार घातलेल्या गाडीपुढे हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली धरून काढलेला माझा फोटो त्यांच्या पेजवर ‘समाधानी ग्राहक’ म्हणून अजून आहे. काढून टाका म्हणून तीनदा लिहिलं.