मेडिकल कॉलेजात २० खाटा की तीन तालुक्यांत सहा-सहा?

नंदुरबार जिल्ह्यात सरकारी अतिदक्षता खाटा वाढवायच्या तर समोर दोन मार्ग आहेत. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २० खाटांचा एकच विभाग उभारायचा, किंवा तळोदा, नवापूर आणि धडगावच्या सरकारी रुग्णालयांत प्रत्येकी ६ खाटा द्यायच्या. खाटा जवळपास तेवढ्याच, पण त्या चालवायला लागणारी माणसं आणि ऑक्सिजन यांत मोठा फरक पडतो. धुळे-शिरपूर किंवा जळगाव-चोपडा यांचा विचार करतानाही हाच हिशेब लागू होतो.

माणसं

व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर, बाकीच्या दोघांमागे एक, हे प्रमाण धरा. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि नाइट ऑफ वजा केले की चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायला साडेचार माणसं लागतात. २० पैकी १० पेशंट व्हेंटिलेटरवर असतील तर प्रत्येक पाळीला १५ सिस्टर, म्हणजे एकूण ६८ पदं. तालुक्याच्या सहा खाटांत दोन व्हेंटिलेटर धरले तर पाळीला ४, म्हणजे १८ पदं. तीन ठिकाणी मिळून ५४. खाटांच्या प्रमाणात पाहिलं तर दोन्हीकडे फारसा फरक नाही.

खरी अडचण डॉक्टरांची आहे. सिस्टरांची संख्या खाटांवर ठरते, डॉक्टरांची मात्र युनिटांवर. एका जागी २० खाटांना पाळीला दोन ड्यूटी डॉक्टर पुरतात, म्हणजे ९ पदं. तीन ठिकाणी प्रत्येकी एक ठेवला तरी १४ लागतात, आणि भूलतज्ज्ञ व फिजिशियन वेगळे. तालुक्याला भूलतज्ज्ञ बहुधा एकच असतो. तो सिझेरियनमध्ये अडकलेला असताना श्वासनलिकेत ट्यूब घालायची वेळ आली तर कोण घालणार, याचं नावानिशी उत्तर प्रस्तावात असलंच पाहिजे. हे उत्तर नसेल तर व्हेंटिलेटर मागवू नका.

ऑक्सिजन

तालुक्याच्या सहा खाटांचा गर्दीच्या दिवसाचा हिशेब मांडू. दोन व्हेंटिलेटर मिनिटाला १५ लिटरप्रमाणे ३०, दोन हाय-फ्लो मशीन (नाकातून मोठ्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारी) ६० प्रमाणे १२०, दोन मास्क १० प्रमाणे २०. एकूण १७० लिटर. दिवसाला हे सुमारे २,४५,००० लिटर होतात. एका जम्बो, म्हणजे मोठ्या, सिलिंडरमध्ये ७,००० लिटर मावतात, म्हणजे दिवसाला ३५ जम्बो. पूर्ण जोरावर चाललेलं एक हाय-फ्लो मशीन एक जम्बो दोन तासांच्या आत संपवतं. म्हणून सिलिंडरवर चालणाऱ्या युनिटमध्ये हाय-फ्लो देऊच नये, असं आमचं ठाम मत आहे.

हवेतून ऑक्सिजन काढणारा पीएसए प्लांट असेल तर सिलिंडर वाहण्याचा प्रश्न मिटतो, पण वीज गेली की प्लांट थांबतो. जनरेटरवर प्लांटचा लोड धरलेला नसेल तर प्लांट असून नसल्यासारखाच. खान्देशातल्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की कोंदट शेडमधला काँप्रेसर ट्रिप होतो. ड्रायर नीट चालला नाही तर ओल झिओलाइटमध्ये (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) जाते आणि ऑक्सिजनची शुद्धता उतरते; ती ९० टक्क्यांखाली गेली तर लाइन मॅनिफोल्डवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांवर, घ्यावी लागते. त्यामुळे शेडला समोरासमोर खिडक्या, एक्झॉस्ट फॅन आणि भरलेल्या सिलिंडरच्या दोन बँका यांचा खर्च प्लांटच्याच अंदाजपत्रकात धरा.

कॉलेजला द्रव ऑक्सिजनची टाकी असेल तर हा त्रास कमी. द्रव ऑक्सिजनचा एक लिटर म्हणजे सुमारे ८६० लिटर वायू. १० हजार लिटरच्या टाकीत बाराशेहून जास्त जम्बोंचा साठा राहतो. तिथे चुका होतात पाइपलाइनमध्ये. जुन्या बारीक तांब्याच्या नळीवर नवा मजला जोडला की टोकाच्या खाटेवर दाब उतरतो आणि व्हेंटिलेटर अलार्म देतो. विभाग ताब्यात घेण्याआधी सगळे आउटलेट एकदम उघडून टोकाला दाब मोजून घ्या.

यंत्रं

तालुक्याला टर्बाइनचाच व्हेंटिलेटर घ्या. त्याला दाबाच्या हवेची वेगळी लाइन लागत नाही. ऑक्सिजन सेन्सर वर्ष-दोन वर्षांत संपतो. फक्त त्यापायी धूळ खात पडलेली मशीनं बऱ्याच ठिकाणी दिसतात, तेव्हा सेन्सर आणि फ्लो सेन्सर देखभाल करारात लिहून घ्या. ब्लड गॅस (रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मोजणारी तपासणी) मशीनचं ठरावीक तपासण्यांचं कार्ट्रिज बसवल्यावर साधारण महिनाभर टिकतं. सहा खाटांवर बऱ्याच तपासण्या वाया जातील, पण कॉलेजात फारशा जाणार नाहीत.

मग निवड कशी करायची?

नवापूर आणि तळोद्याला आम्ही पूर्ण अतिदक्षता विभाग देणार नाही. चार खाटांचा एचडीयू (अतिदक्षतेच्या एक पायरी खालचा विभाग), एक टर्बाइन व्हेंटिलेटर, ट्यूब घालू शकणारे दोन प्रशिक्षित डॉक्टर आणि पेशंटला ६ ते १२ तास सांभाळून पाठवण्याची तयारी एवढं पुरे. बाकीचा पैसा आणि माणसं कॉलेजच्या २० खाटांवर लावा.

धडगावचं गणित मात्र वेगळं आहे. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की तळोद्याकडे जाणारा रस्ताच बंद होतो. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या गळू लागल्या की श्वास बंद पडायला फार वेळ लागत नाही. प्रतिविषाच्या ८-१० व्हायल दिल्या तरी मण्यारीचा लकवा लगेच उतरत नाही. व्हेंटिलेटर काही दिवस लागू शकतो. फवारणीतल्या विषबाधेचंही तसंच: अॅट्रोपिन या औषधाने सावरलेला पेशंट एक ते चार दिवसांत पुन्हा श्वासाला अडू शकतो. म्हणून धडगावला दोन पूर्ण व्हेंटिलेटर खाटा हव्यात, आणि त्यांच्यासाठी पाळीला दोन सिस्टर.

तिथल्या अॅम्ब्युलन्सचंही पाहा. बी-टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतात. मिनिटाला १० लिटर लागले तर अडीच तासांत रिकामा. घाटात गाडी अडकू शकते, तेव्हा दोन भरलेले सिलिंडर, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि सोबत सिस्टर किंवा डॉक्टर असल्याशिवाय गाडी सोडू नये, असा लेखी नियम करा. निघण्याआधी कॉलेजच्या ड्यूटी डॉक्टरला फोन करून खाट पक्की करायची, तेही त्याच नियमात घाला.