पहिलटकरणीसाठी स्तनांची मालिश: सहा महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. नुसत्या मालिशीने दूध वाढत नाही. दूध वाढतं ते स्तन रिकामा होण्याने, मग तो बाळ करो, हात करो की पंप. दाटलेली छाती मऊ करणं आणि पान्हा लवकर फुटू देणं, एवढंच मालिशीचं काम. तेवढीच अपेक्षा ठेवली तर पहिल्या दहा दिवसांत पैकीच्या पैकी गुण, पुढचे महिने क्वचित गरज, आणि कामावर परतताना पुन्हा चांगला उपयोग.

पहिले दोन दिवस फक्त चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, असतो. एका वेळी काही थेंब ते चमचा-दोन चमचे, आणि बाळाला तेवढा पुरतो. बाळ झोपाळू असेल तर तो हाताने काढून चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचा. पंपाने काढायला गेलात तर सगळा फनेललाच, म्हणजे बोंडावर बसणाऱ्या नरसाळ्यालाच, चिकटतो. अंगठा वर, दोन बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी सरळ फासळ्यांच्या दिशेने दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत, म्हणून या वेळी तेल नको. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच येत नाही आणि बहुतेक जणी तिथेच हात आखडता घेतात. थांबू नका. आटल्यासारखं वाटलं की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागेवर धरायची.

खरी कसोटी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. छाती दगडासारखी होते, बोंडाभोवतीचा काळा भाग ताणला जातो, बोंड सपाट होतं आणि बाळाचं तोंड घसरत राहतं. घरातले सगळे ‘पाज, पाज’ म्हणत असतात, पण बाळ धरणार कशाला? ही सूज नुसत्या दुधाची नसते. रक्तपुरवठा वाढलेला असतो, पेशींभोवती पाणी साठलेलं असतं, आणि बाळंतपणात सलाईन बरंच चढलं असेल तर ते अजून वाढतं. इथे चोळायचं नाही, दाबून धरायचं. नखं कापलेली हवीत. दोन्ही हातांची बोटं बोंडाच्या मुळाशी गोल ठेवायची, छातीकडे दाबायची आणि मनात साठपर्यंत मोजायचं. मग बोटांची जागा बदलून आणखी एक मिनिट. उताणं पडून केलं तर पाणी मागे सरायला मदत होते. बोटं उचलल्यावर कातडीवर छोटे खळगे उमटलेले दिसले म्हणजे जमलं. हे खळगे काही मिनिटांत भरून येतात, म्हणून बाळ आधीच जवळ हवं. लंगोट बदलायला गेलात की संधी गेली.

शेकाबद्दल आपल्याकडे भलताच उत्साह. पाजण्याआधी कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटं, बस. पाजून झाल्यावर मात्र गार हवं: सुती कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. शेगडीचा लांबलचक शेक छातीला दिला तर सूज वाढते.

सगळ्यात मोठी उणीव मालिशवाल्या मावशींच्या हाताची. पाठ, कंबर, पोटऱ्या यांना तो हात उत्तम, पण छातीत गाठ दिसली की ‘दूध साकळलंय, फोडते’ म्हणून अंगठा रुतवतात. गाठ म्हणजे साकळलेल्या दुधाचा गोळा नसतो. भोवतीच्या सुजेने दुधाच्या नळ्या आवळल्या जातात. जोरात चोळलं की सूज आणखी, कधी आत इजाही. अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शनात खोल मालिश टाळायलाच सांगितलं आहे. गाठीवर हात फिरवायचाच तर मांजराला कुरवाळावं तितका हलका, बोंडाकडून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे. ‘रिकामं करून टाकू’ म्हणून तासातासाला पंप लावणंही महागात पडतं, शरीर तेवढंच जास्त दूध बनवू लागतं.

तेव्हा सरळ सांगायचं: मावशी, छाती राहू द्या, पाठ करा. आईने टेबलावर हातांची घडी करून त्यावर डोकं टेकायचं, छाती मोकळी सोडायची. मावशींनी मुठी मिटून, अंगठे पुढे काढून, कण्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून खांद्याच्या पात्यांपर्यंत छोटे गोल फिरवत उतरायचं. दोन-तीन मिनिटं. याने पान्हा सुटायला मदत होते. सगळ्या प्रकारात हा माझा सर्वात आवडता. नवऱ्यालाही जमतो, आणि वन-रूम-किचनमध्ये आडोसा शोधावा लागत नाही.

ताप १०१च्या वर, थंडी वाजणं, छातीवर पसरत जाणारा लाल पट्टा, किंवा २४ तासांत उतार नाही, असं काहीही दिसलं तर मालिश बंद आणि डॉक्टर गाठा. पाजणं मात्र चालू ठेवायचं. पाचव्या दिवसानंतर बाळाची शू दिवसातून सहापेक्षा कमी वेळा होत असेल तर मालिशीचे प्रयोग करत बसू नका, आधी बाळाला दाखवा.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एवढंच उरतं: बाळ नुसतं चघळायला लागलं की स्तन तळहातात धरून हलका दाबायचा, ते गिळायला लागतं. थांबलं की सोडायचा.

रजा संपल्यावर पंपासोबत हात लागतो. आधी मिनिटभर हलकी मालिश, पंप चालू असताना जिथे घट्ट लागेल तिथे तळव्याने दाब, शेवटची दोन-तीन मिनिटं नुसता हात. त्या शेवटच्या दुधात साय जास्त, बाटलीत वर जाड थर येतो. बऱ्याच पंपांबरोबर २४ मिलिमीटरचं फनेल येतं. बोंड आत घासत असेल तर आधी माप बदला, मालिशीने ते दुखणं जाणार नाही. आणि काढलेलं दूध चार तास बाहेर टिकतं हा हिशेब २५ अंशांचा आहे, मुंबईच्या एप्रिलचा नव्हे. काढल्या काढल्या फ्रिजमध्ये, दारात नाही तर आत मागच्या बाजूला, चार दिवसांपर्यंत. लोकलच्या प्रवासाला बर्फाच्या पिशव्या घातलेली कूलर बॅग लागतेच.