बाली की श्रीलंका: समुद्र आणि संस्कृती एकाच सहलीत

समुद्र आणि संस्कृती या दोन्हींसाठी एकच बेट निवडायचे झाल्यास बाली आणि श्रीलंका यांतील खरा फरक अंतरांचा आहे. बालीत उबुदची मंदिरे, भातखाचरे आणि सानूरचा शांत किनारा परस्परांपासून फार दूर नसल्याने एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून आठवडा निवांत घालवता येतो. उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताच्या वेळी सादर होणारे केचक नृत्य, ज्यात रामायणाची कथा वाद्यांविना केवळ पुरुषांच्या समूहस्वरावर उभी राहते, ते तर मुळीच चुकवू नये. मात्र न्येपीच्या, म्हणजे बालीतील हिंदूंच्या मौनपालनाच्या नववर्षदिनी, विमानतळासह सारे बेट बंद असते, हे तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे.

श्रीलंकेत सिगिरियाचा प्राचीन शिलादुर्ग, कँडीचे दंतमंदिर (बुद्धाचा दात जपलेले मंदिर) आणि दक्षिणेकडचा गॉलचा किल्ला यांमध्ये बराच प्रवास घडतो, त्यामुळे दहा दिवसांहून कमी वेळात हे सारे उरकणे मला त्या स्थळांवर अन्याय करणारे वाटते. श्रीलंकेची जमेची बाजू हवामानाची आहे: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे गॉलकडचा समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पूर्वेकडील त्रिंकोमालीचा किनारा पोहण्याजोगा शांत असतो.