ईआरपीनेक्स्ट: एकाच साइटवर दोन कंपन्या, डेटा मात्र वेगळा. वापरून काय वाटलं

ईआरपीनेक्स्ट म्हणजे हिशोब, बिलं, स्टॉक, सर्व्हिस सगळं एकत्र ठेवायचं सॉफ्टवेअर. भोसरीत आमचं काम दोन कंपन्यांत चालतं. एक कॉम्प्रेसर विकते आणि त्यांची सर्व्हिस करते, दुसरी जनरेटर भाड्यानं देते. माणसं वेगळी, जीएसटी नंबर वेगळे, मालक एकच. दोन्ही एकाच साइटवर (म्हणजे सॉफ्टवेअरची एकच मांडणी, एकच डेटाबेस) घेतल्या कारण भाड्याच्या जनरेटरची दुरुस्ती आमचेच सर्व्हिसवाले करतात, त्याचं बिल एका कंपनीतून दुसरीला फाडायचं असतं, आणि इंटर कंपनी इनव्हॉइस वापरायचं तर दोन्ही कंपन्या एका साइटवर लागतात. नाहीतर फ्रापेमध्ये (ज्या फ्रेमवर्कवर ईआरपीनेक्स्ट चालतं ते) दोन साइट केल्या की प्रत्येकीचा डेटाबेसच वेगळा, मग कोणी कोणाचं काही बघायचा प्रश्नच नाही.

सुरुवात सोपी आहे. यूजर परमिशनमध्ये जाऊन अलाऊमध्ये कंपनी निवडायची, व्हॅल्यूत आपली कंपनी टाकायची, झालं. इनव्हॉइस, वॉरंटी क्लेम, मेंटेनन्स व्हिजिट, स्टॉक एंट्री, जिथे जिथे कंपनी फील्ड (रकाना) आहे तिथे त्या माणसाला फक्त स्वतःच्या कंपनीचं दिसतं. गोडाऊन आणि खाती तर कंपनीलाच बांधलेली, नावापुढे कंपनीचं छोटं नाव येतं, त्यामुळे भाड्याच्या बाजूचा स्टोअरवाला चुकूनही सर्व्हिसच्या गोडाऊनमधून मशीनचा फिल्टरसुद्धा उचलू शकत नाही. हा भाग मला मनापासून आवडला. साहेबांना वरच्या ग्रुप कंपनीची परमिशन दिली की खालच्या दोन्ही आपोआप दिसतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, हे सगळं फील्डवर चालतं. ज्या डॉक्युमेंटमध्ये कंपनी रिकामी आहे ते दोघांनाही दिसतं, कारण रिकामं म्हणजे सगळ्यांचं असं सिस्टीम धरते. त्यासाठी सिस्टीम सेटिंग्जमध्ये अप्लाय स्ट्रिक्ट यूजर परमिशन्स म्हणून टिक आहे, ती केली की रिकामी असलेलीसुद्धा लपतात. मात्र टिक करायच्या आधी जुने रेकॉर्ड भरून घ्या, नाहीतर सकाळी सर्व्हिसचा मुलगा फोन करतो की दादा कालची तक्रार गायब झाली.

सगळ्यात जास्त डोकं गेलं ते कस्टमर आणि आयटमवर. या मूळ याद्या, म्हणजे मास्टर, कुठल्या एका कंपनीच्या नसतातच, अख्ख्या साइटच्या असतात. क्रेडिट लिमिट आणि पार्टी अकाउंट कंपनीवार टाकता येतं, पण कस्टमरचं नाव, पत्ता, कॉन्टॅक्ट दोन्हीकडे उघडं. आम्ही कस्टमर ग्रुपवर परमिशन लावली. तिथे अप्लिकेबल फॉर हा रकाना बघून फक्त कस्टमरपुरती लावायची, सगळ्याला लावली तर इनव्हॉइसमध्येही कस्टमर ग्रुप असतो, मग अकाउंट्सच्या ताई स्वतःच्याच कंपनीची बिलं शोधत बसतात. जे गिऱ्हाईक दोन्हीकडून घेतं त्यासाठी वेगळा कॉमन ग्रुप केला, तो दोघांनाही दिला. भाड्याचे रेट वेगळ्या प्राइस लिस्टमध्ये ठेवले आणि प्राइस लिस्टवर पण परमिशन.

आता खरी गळती कुठे होते ते सांगतो, कारण हे विकणारा कोणी सांगत नाही. एक म्हणजे शेअर. कोणी डॉक्युमेंट शेअर केलं की यूजर परमिशन आड येत नाही, ते समोरच्याला दिसतंच. दुसरं फोटो. इंजिनिअर गिऱ्हाइकाच्या जागेवरून मशीनच्या नेमप्लेटचा फोटो टाकतो, फाइल पब्लिक असेल तर लिंक ज्याच्या हातात त्याला उघडते, लॉगिनचीही गरज नाही. प्रायव्हेट टिक असलीच पाहिजे, मग ज्याला ते डॉक्युमेंट दिसतं त्यालाच फाइल दिसते. तिसरं बाहेरून लिहून घेतलेले रिपोर्ट. कोडमध्ये डेटा काढायला गेट ऑल हे फंक्शन वापरलं की परमिशन बघितलीच जात नाही, गेट लिस्ट वापरलं तर बघतं. आमच्या एका रिपोर्टात नेमकं हेच होतं, दोन्ही कंपन्यांची येणी एकाच यादीत येत होती आणि दिसायला यादी एकदम बरोबर, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. लिहून देणाऱ्याला पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारा.

तपासायला प्रत्येक रोलचा एक टेस्ट यूजर करून त्यातूनच लॉगिन करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला परमिशन लागूच होत नाही, त्यातून बघितलं तर सगळं छानच दिसणार. परमिटेड डॉक्युमेंट्स फॉर यूजर नावाचा रिपोर्ट पण आहे, नवीन माणूस आला की मी तो काढतोच. आणि सिस्टीम मॅनेजर रोल कोणाकोणाकडे आहे ते बघा, तो माणूस परमिशन स्वतःच बदलू शकतो, आमच्याकडे आता तो एकाच माणसाकडे ठेवलाय.

दोन कंपन्यांत आपसात बिलं होत असतील तर एकच साइट घ्या, मी आजही तीच घेईन. आपसात काहीच व्यवहार नसेल किंवा भागीदार वेगळे असतील, तर सरळ दोन साइट करा.