मलतपासणीचं घरपोच किट आणि त्यातलं 'स्तनांच्या आरोग्या'चं पान

पोटातल्या जिवाणूंची तपासणी करणारी किट आता जळगाव, भुसावळ, धुळ्यातही घरपोच येतात. डबा येतो, नमुना घ्यायचा, कुरिअरला द्यायचा आणि काही आठवड्यांनी मोबाइलवर लांबलचक अहवाल येतो. खर्च साधारण सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत. काही अहवालांत बायकांसाठी वेगळं पान असतं. त्यावर 'इस्ट्रोजेन चयापचय' किंवा 'स्तनांचं आरोग्य' असं शीर्षक आणि खाली हिरवा-पिवळा-लाल पट्टा. हे परीक्षण मुख्यतः त्या पानाचं आहे. कंपनीचं नाव दिलेलं नाही, कारण या प्रकारच्या किटचा साचा जवळपास सारखाच असतो.

आधी नमुन्याबद्दल, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. डब्यात कागदी पट्टा, झाकणाला चमचा असलेली नळी आणि नळीत जिवाणूंची वाढ थांबवणारं द्रव असतं. आधी लघवी करून घ्यावी. कागदी पट्टा कमोडवर बसवण्यासाठी बनवलेला असतो, भारतीय बैठकीच्या संडासात तो टिकत नाही. तिथे स्वच्छ प्लास्टिकचा कागद पसरावा. भांड्याला लागलेला मल घेऊ नये, फिनाइल आणि ॲसिडचा अंश त्यात येतो. दोन-तीन वेगवेगळ्या जागांहून मिळून वाटाण्याएवढा मल पुरतो. जास्त भरला तर द्रव अपुरं पडतं, आतले जिवाणू वाढतच राहतात आणि अहवालात ई. कोलायसारख्यांचा वाटा खोटा फुगतो. नळी गढूळ होईपर्यंत हलवावी. ज्या किटमध्ये द्रव नसून कोरडी डबी असते, ते खानदेशात एप्रिल-मेमध्ये घेऊच नये. पारा ४४ अंशांवर असताना कुरिअरच्या गाडीत दोन दिवस पडलेला नमुना म्हणजे पोटाचं चित्र नव्हे, त्या गाडीचं. अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल तर संपल्यावर किमान चार आठवडे थांबावं. पण तपासणीसाठी चालू औषध बंद करू नये.

प्रयोगशाळेत बहुतेक किटमध्ये '१६ एस' नावाच्या जनुकाचा एक तुकडा वाचला जातो. सुमारे १५०० अक्षरांचं हे जनुक सगळ्या जिवाणूंमध्ये असतं, त्याच्या बदलत्या भागांवरून कुळ ओळखता येतं. प्रजाती दरवेळी ओळखता येतेच असं नाही, आणि प्रजातीच्या आतला वाण तर जवळजवळ कधीच नाही. शिवाय आकडे टक्क्यांत असतात. बेरीज १००च व्हायची, त्यामुळे एक वाढला की दुसरा घटल्यासारखा दिसतो, जरी तो जागचा हललेला नसला तरी. एवढं समजून वाचलं तर अहवालाचा पहिला भाग, म्हणजे कोणती कुळं आहेत आणि विविधता किती, ठीकठाक आहे.

आता ते पान. त्यामागचं शास्त्र खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं. यकृत वापरून झालेल्या इस्ट्रोजेनला (हे बायकांचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं, म्हणजे ते मलावाटे बाहेर जावं. आतड्यातल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते ही जोडणी कापतं, सुटं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. या कामात भाग घेणाऱ्या जिवाणूंच्या जनुकांना २०११ पासून 'इस्ट्रोबोलोम' म्हणतात. स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतेक गाठी इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या असतात, तेव्हा संबंध असू शकतो हे उघड आहे. पाळी गेलेल्या ४८ रुग्ण आणि ४८ निरोगी बायकांच्या तुलनेत (२०१५) रुग्णांच्या मलात जिवाणूंची विविधता कमी आढळली.

पण किट हे विकर मोजत नाही. ते कुळ बघतं आणि 'या कुळात हे जनुक सहसा असतं' असा अंदाज बांधतं. एकाच प्रजातीच्या एका वाणात ते जनुक असतं, दुसऱ्यात नसतं. असलं तरी त्या दिवशी ते काम करत होतं का, हे मलातल्या डीएनएवरून कळत नाही. रक्तातलं इस्ट्रोजेनही इथे कोणी तपासलेलं नसतं. पाळी गेल्यावर ते मुख्यतः चरबीतल्या अरोमाटेज विकरामुळे तयार होतं, आणि त्याबद्दल मलाचा नमुना गप्प असतो. वर ज्या तुलनेचा उल्लेख केला, ती गटांची सरासरी आहे. कर्करोग आधी की बदल आधी, हेही तिच्यातून ठरत नाही. त्यामुळे लाल पट्टा बघून घाबरण्याचं कारण नाही, आणि हिरवा बघून निर्धास्त होण्याचं तर अजिबात नाही. हा दुसरा धोका मोठा आहे.

'स्तनातले जिवाणू' असा उल्लेख जाहिरातीत दिसला तर आणखी सावध राहा. स्तनाचा ऊतक (पेशींचा थर, टिश्यू) निर्जंतुक नसतो, हे २०१४ च्या सुमारास कॅनडा आणि आयर्लंडमधल्या ८१ बायकांच्या अभ्यासातून पुढे आलं. २०२० मध्ये सात प्रकारच्या कर्करोगांच्या गाठी आणि शेजारचा निरोगी ऊतक मिळून १५२६ नमुने तपासले गेले, त्यांत स्तनाच्या गाठींमध्ये जिवाणूंची विविधता सर्वांत जास्त होती. २०२२ मध्ये उंदरांत असं दिसलं की गाठीतल्या पेशींच्या आत राहणारे जिवाणू त्या पेशींना रक्तप्रवाहात तगून दुसरीकडे रुजायला मदत करतात. हे सगळं महत्त्वाचं आहे. मात्र हे ऑपरेशनमधून काढलेल्या तुकड्यांवरचं किंवा उंदरांवरचं काम आहे, मलाच्या नळीशी त्याचा संबंध नाही. शिवाय ऊतकात जिवाणू इतके थोडे असतात की प्रयोगशाळेच्या रसायनांतला आणि हवेतला डीएनएच नमुन्यावर मात करतो. गाठींमधल्या जिवाणूंवरचा २०२० चा एक गाजलेला निबंध विश्लेषणातल्या चुकांमुळे २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला.

याच पैशांत काय होतं, ते पाहू. ३० वर्षांवरच्या बायकांची हाताने स्तनतपासणी राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात आहे. उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा २० वर्षं पाठपुरावा केला. प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत, या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. त्याहून लहान वयात असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. न दुखणारी गाठ, आत ओढलेलं बोंड, बोंडातून रक्त, संत्र्याच्या सालीसारखी त्वचा: यांपैकी काही दिसलं तर किट मागवू नका, जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची सर्जरी ओपीडी गाठा.

जिवाणू आणि स्तन यांचा एक संबंध मात्र रोजच्या व्यवहारातला आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईला स्तनात सूज, लाली, ताप येतो, तो बहुधा स्टॅफिलोकोकस या जिवाणूमुळे, आणि अँटिबायोटिकने बरा होतो. आठ-दहा दिवसांत सूज उतरली नाही, विशेषतः बाई पाजत नसेल, तर तेच औषध पुन्हा लिहून घेऊ नये. सूज आणणारा कर्करोग हुबेहूब असाच दिसतो. सोनोग्राफी आणि सुईने तुकडा काढून तपासणी मागून घ्यावी.

अहवालाच्या शेवटी आहाराचा सल्ला असतो, आणि तो बहुतेक सगळ्यांना तोच: तंतू (फायबर) वाढवा. सल्ला चांगला आहे, पण त्याला किट लागत नाही. २० दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात (२०२०) सर्वांत जास्त तंतू खाणाऱ्या बायकांत हा कर्करोग सुमारे ८ टक्के कमी आढळला. आपल्याकडे कळण्याची भाकर आहेच. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट काळे उडीद. १०० ग्रॅम पिठात सुमारे १२ ग्रॅम तंतू येतात. मैद्यात तीनही नाहीत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. म्हणजे दोन भाकरी, वांग्याचं भरीत आणि एखादी डाळ यात ते जवळपास भागतं. सवय नसेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा, नाहीतर पोट फुगतं.

अहवालाला जोडून कंपनी प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जिवाणूंच्या, कॅप्सूलचा मासिक डबा विकते. त्यांतल्या लॅक्टोबॅसिलसला उष्णता सोसत नाही. उन्हाळ्यात थंड पिशवीविना आलेल्या डब्यावर 'अब्जावधी' छापलेलं असलं तरी आत किती जिवंत उरले याची खात्री नसते. बॅसिलसचे बीजाणू उष्णतेत टिकतात. पण यांतलं काहीही स्तनाचा कर्करोग टाळतं असं माणसांवरच्या चाचण्यांनी दाखवलेलं नाही.

केमोथेरपी चालू असताना तर या कॅप्सूल आपल्या मनाने अजिबात घेऊ नयेत. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना हेच जिवाणू क्वचित रक्तात शिरतात. पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेल्या रुग्णाजवळ सॅकरोमायसिस बोलार्डीची पुडी उघडूही नये, कारण हे यीस्ट हवेतून आणि हातांवरून लाइनमध्ये जातं. आधीच घेऊन झालं असेल आणि १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर त्याच रात्री रुग्णालयात जाताना ते पाकीट बरोबर न्यावं. लॅक्टोबॅसिलसच्या कित्येक जातींवर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक चालत नाही आणि यीस्टला अँटिबायोटिक नव्हे, बुरशीवरचं औषध लागतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ते पाकीट बघूनच कळेल.